मध्येच रूप बदलतो, तो उत्प्रेरक कसा?

नाशिकहून आलेला प्रश्न असा: शाळेत शिकवतात की क्रियेचा वेग बदलतो पण स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक. बी-६ हे जीवनसत्त्व तर अमिनो आम्लाच्या क्रियेत मध्येच रूप बदलते. मग त्याला उत्प्रेरक म्हणावे का? आणि द्राक्षबागेत फवारतात ते चिलेटेड झिंक आणि संजीवके, हेही उत्प्रेरकच का?

घोळ 'बदलत नाही' या शब्दांत आहे. तिथे 'खर्ची पडत नाही' हवे. उत् + प्र + ईर् (ढकलणे, हलवणे) यांतून बनलेला हा शब्द काम सांगतो, अविकारीपणा सांगत नाही.

बी-६ चे कामाचे रूप म्हणजे पिरिडॉक्सल फॉस्फेट. त्याचा अल्डिहाइड गट ॲलनिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटाला धरतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि शिफ बेस नावाची जोडणी तयार होते. जीवनसत्त्वाचे वलय इलेक्ट्रॉन ओढून घेते, त्यामुळे अमिनो गटालगतच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल होतो. पुढे पाणी शिरून बंध तुटतो: पायरुव्हेट सुटते आणि अमिनो गट जीवनसत्त्वापाशीच राहतो. इथे थांबलात तर ते खरोखर बदललेले आहे, पिरिडॉक्सामिन फॉस्फेट झालेले. पण ते हा गट अल्फा-कीटोग्लुटारेट या दुसऱ्या रेणूला देऊन टाकते, ग्लुटामेट बनते आणि मूळ रूप परत येते. हिशेब फेरी पुरी झाल्यावर मांडायचा. रक्ततपासणीत 'एसजीपीटी' मोजतात ते हीच अदलाबदल करणारे विकर, म्हणजे एन्झाइम. (विकर, विकार नव्हे. छापताना एक काना फार घात करतो.)

आता धातू, व्याकरणातला नव्हे. मेट्झलर, इकावा आणि स्नेल या शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये या क्रियांची सर्वसाधारण रीत मांडली. विकर नसतानाही नुसते पिरिडॉक्सल आणि तांबे किंवा ॲल्युमिनियमचे आयन तापवले की अशा क्रिया होतात, फक्त सावकाश. आयन शिफ बेसला तीन ठिकाणी पकडून सपाट ठेवतो आणि इलेक्ट्रॉन ओढायला हातभार लावतो. द्रावण फार आम्लधर्मी असेल तर अमिनो गट प्रोटॉन घेऊन बसतो, जोडणीच होत नाही. फार अल्कधर्मी असेल तर धातू हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतो. पेशीत या विकराला धातू लागत नाही, ते काम प्रथिनच करते. म्हणून परीक्षानळीत बी-६ ला उत्प्रेरक म्हणणे बरोबर. पेशीत उत्प्रेरक म्हणजे विकर, आणि बी-६ पासून बनलेला तो सहविकर, म्हणजे विकराचा जोडीदार.

'चिलेट' हा शब्द खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक नावावरून आला. झिंकच्या पाकिटातले ईडीटीए हे रसायन झिंकला नांगीत धरते, म्हणून ते फॉस्फेटबरोबर साका होऊन बसत नाही. गंमत अशी, की वरच्या परीक्षानळीत ईडीटीए टाकले तर ते धातू पळवते आणि क्रिया मंदावते. तेव्हा चिलेट हा उत्प्रेरक नव्हे, वाहक. त्यातले झिंक पानात पोहोचून एखाद्या विकरात बसले, तर त्याला सहघटक म्हणावे.

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल यातले काहीच नाही. ते मणी वाढवण्याचा निरोप पेशीला देते, स्वतः कुठलीही क्रिया घडवत नाही. त्याला बागायतदारांचा 'संजीवक' हाच शब्द ठेवावा.