एचआरला सांगा, पण लेखी

सकाळच्या कॉलवर स्वतःचं नावच फुटत नाही, 'प'वर ओठ मिटले की उघडत नाहीत, म्हणून एचआरला तोतरेपणाबद्दल सांगावं का, असं विचारलंय तुम्ही. सांगा. पण तोंडी सांगून पुढचं त्यांच्यावर सोडू नका.

आमच्याकडे (कंपनीचं नाव राहू दे) एचआरच्या मॅडमनी माझ्या तोतरेपणाबद्दल अगदी आपुलकीनं ऐकून घेतलं. "टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो." आणि बघितलंच! क्लायंट कॉलच्या इन्व्हाइटमधून माझं नाव गायब. पीपीटी मी करायची, बोलायचं ज्युनिअरनं. विचारलं तर "तुमच्याच सोयीसाठी". अप्रेझलला 'क्लायंट हँडलिंग'पुढे शेरा: अनुभव मर्यादित. अहो, मर्यादित केला कोणी? लीडची जागा त्या एका रकान्यावर गेली. मेल केला तर उत्तर आलं, 'पॉलिसीनुसार'. कुठली पॉलिसी, ते आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून मेलच करा, मॅनेजरला सीसीत ठेवून: मी अडखळतो, वाक्य मीच पूर्ण करेन, मधे शब्द पुरवू नका, मला न विचारता कुठल्याही कॉलमधून काढू नका. बस. आजाराचा इतिहास लिहीत बसू नका.

कुणीतरी तुम्हाला दिव्यांग प्रमाणपत्र काढायलाही सुचवेल. मी वकील नाही, पण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातली वाचा-भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या वाचा. स्वरयंत्र काढणं, अ‍ॅफेझिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवणं) अशी उदाहरणं देऊन ती शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांवर बेतली आहे. लहानपणापासूनचा तोतरेपणा त्यात बसवताना घोळ होतो. त्यावर नोकरीचं गणित मांडू नका.

उपचारांचं म्हणाल तर 'पंधरा दिवसांत कायमचा बरा'वाल्यांना आणि वेखंड-मधवाल्या काकांना लांबूनच नमस्कार. मुंबईत असाल तर बांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांवर काम करणारी संस्था आहे. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गटही आहेत. तिथे मुद्दाम अडखळायला लावतात, प-प-प करत. पहिल्यांदा चीड येते. पण लपवायची धडपड कमी झाली की ओठांवरचा ताण सुटतो. निदान माझा तरी सुटला, प्रत्येकाचं वेगळं असतं.

आणि हॉटेलात टेबल बुक करताना सोपं म्हणून 'अमित' सांगत असाल तर खुशाल सांगा, मीही सांगतो. ऑफिसच्या कॉलवर नाव स्क्रीनवर दिसतंच, तेव्हा थेट "काल अमुक काम संपवलं" इथून सुरू करा. थेरपिस्ट याला पळवाट म्हणतील. म्हणू देत.