'इग्रीजस' चूक म्हणजे केवढी चूक?

प्रश्न असा आहे: औषधाच्या माहितीपत्रकाच्या तपासणी-अहवालात 'इग्रीजस एरर' असा शेरा आलाय, त्याचं मराठी 'मोठी चूक' केलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. 'मोठी'त फक्त आकार येतो. इग्रीजस (जोर 'ग्री'वर) म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की चूक डोळ्यांत खुपतेय, आणि ती व्हायलाच नको होती. पत्रकात '०.५ मिलिग्रॅम'च्या जागी '५ मिलिग्रॅम' छापलं गेलं, तर ती इग्रीजस. त्याच पानावर 'दिवसातून'चं 'दिवसातुन' झालं, तर ती साधी चूक. शिवाय या विशेषणामागे कुणाची तरी कृती असावी लागते. उकाडा किंवा डोकेदुखी कितीही असह्य असली, तरी तिला ते लावत नाहीत.

मूळ पाहिलं की आश्चर्य वाटतं. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजस, म्हणजे चक्क नामवंत! (ओल्या-सुक्या कचऱ्याचं 'सेग्रिगेशन' करतो, त्यातही हाच कळप आहे.) सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द स्तुतीसाठीही वापरत. त्याच शतकाच्या अखेरीस तो उपरोधाने वापरला जाऊ लागला आणि पुढे वाईट अर्थच रूढ झाला. इटालियनमध्ये मात्र औपचारिक पत्राचा मायना अजूनही 'एग्रेजो' असा, आदरानेच लिहितात.

आपला 'सराईत' असाच घसरलाय, पण अर्धाच. सराईत हाताने पोळ्या लाटणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो. बातमीत मात्र 'सराईत' दिसला की पुढे 'गुन्हेगार' येणार हे ठरलेलं.

इग्रीजसला एकच प्रतिशब्द शोधत बसू नका, पुढचं नाम बघा. खोटं असेल तर धडधडीत, अन्याय असेल तर घोर. 'घोडचूक' हा फार देखणा शब्द आहे आणि इथे वापरायचा मोह मलाही झाला. पण नोकरी सोडली ही घोडचूक झाली, असं माणूस हळहळून स्वतःबद्दलही म्हणतो. त्यात इग्रीजसमधला संताप नाही. 'गंभीर'ही तसा बरा आहे, पण तो 'सीरियस'साठी राखलेला बरा, कारण त्याच अहवालात तोही शेरा येऊ शकतो.

तुमच्या जागी मी 'अक्षम्य चूक' लिहीन.