सही असलेल्या लायब्ररीच्या आत ब्रेकपॉइंट का लागत नाही?

प्रश्न : आमचं अ‍ॅप जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर आहे. त्यात न्यूगेटवरून (डॉट नेटच्या पॅकेजेसचं भांडार) घेतलेली एक ओपन सोर्स लायब्ररी वापरतो आणि तिच्या आतून कुठूनतरी नल रेफरन्स एक्सेप्शन (रिकाम्या रेफरन्सला हात लावल्याची एरर) येतंय. सोर्स उघडा आहे म्हणून उतरवून घेतला, बिल्ड केला आणि आपली डीएलएल (बिल्डमधून निघालेली लायब्ररीची फाइल) मूळ डीएलएलच्या जागी टाकली, तर अ‍ॅप सुरू होताच मरतं, म्हणे असेंब्लीचा (म्हणजे त्या डीएलएलचा) मॅनिफेस्ट, तिच्या ओळखीची नोंद, रेफरन्सशी जुळत नाही. मग मूळ डीएलएल परत ठेवली आणि शेजारी मी बिल्ड केलेली पीडीबी (डीबगरसाठी माहिती, म्हणजे सिम्बॉल, असलेली फाइल) ठेवली, तरी ब्रेकपॉइंटचा (कोड जिथे थांबवायचा ती खूण) गोल पोकळच राहतो, म्हणजे तो लागत नाही. डीएलएलवर सही करायची किल्ली (की) आमच्याकडे नाही. आता आत शिरायचं कसं?

उत्तर : तुमच्यापुढे दोन वेगळ्या अडचणी आल्यात आणि त्या एकत्र दिसल्यामुळे सगळा दोष सहीवर गेलाय. ब्रेकपॉइंट न लागण्याशी सहीचा काहीही संबंध नाही, हे आधी मनात पक्कं करा.

स्ट्राँग नेमची सही म्हणजे कुलूप नव्हे, ती असेंब्लीची ओळख असते. सहीच्या जोडीतली उघडी किल्ली म्हणजे पब्लिक की, तिचा हॅश (ठशासारखा आकडा) काढून त्यातले ८ बाइट घेतात, तेच १६ अक्षरांचं टोकन, आणि तुमचं अ‍ॅप कंपाइल झालं तेव्हा नाव, व्हर्जन, कल्चर (भाषा) याच्यासोबत हे टोकनही रेफरन्समध्ये लिहिलं गेलं. तुमच्या बिल्डला एकतर टोकनच नाहीये किंवा दुसऱ्या कीचं आहे, त्यामुळे फ्रेमवर्कच्या दृष्टीने ती वेगळीच असेंब्ली झाली आणि त्याने ती नाकारली. बरोबरच केलं त्याने.

पीडीबीचं गणित निराळं आहे. कंपायलर डीएलएल बनवताना तिच्या डीबग डिरेक्टरीत एक आयडी लिहितो आणि तोच आयडी पीडीबीतही टाकतो. डीबगर हे दोन आयडी जुळतात का एवढंच बघतो, फाइलचं नाव सारखं आहे, व्हर्जन सारखं आहे याला काही किंमत नाही. सोर्स तोच असला तरी तुमच्या मशीनवर, तुमच्या पाथवर, कदाचित थोड्या वेगळ्या कंपायलरने केलेला बिल्ड हा वेगळा बिल्ड, म्हणून आयडी वेगळा. म्हणजे तुम्हाला हवीये ती मूळ डीएलएलसोबत त्याच बिल्डमध्ये जन्मलेली पीडीबी, ती नव्याने बनवायला जाऊ नका, ती शोधा.

बऱ्याच लायब्ऱ्यांची ती मिळते. काही जण पॅकेजमध्येच डीएलएलच्या शेजारी ठेवतात, काही डीएलएलच्या पोटातच एम्बेड करतात, काही सिम्बॉल पॅकेज वेगळं चढवतात. शेवटच्यांसाठी विज्युअल स्टुडिओत डीबगिंगच्या ऑप्शन्समध्ये सिम्बॉल्सखाली न्यूगेटचा सिम्बॉल सर्व्हर चालू करा, मग 'जस्ट माय कोड' (फक्त स्वतःचाच कोड डीबग करायची सेटिंग) बंद करा (हे राहिलं की बाकी सगळं बरोबर असूनही आत शिरता येत नाही, आणि बहुतेकांचं नेमकं हेच राहतं) आणि सोर्स लिंक सपोर्ट चालू करा. पीडीबीत सोर्स सहसा नसतो, ओळींचे नकाशे, लोकल व्हेरिएबलची नावं, फाइलचे पाथ आणि प्रत्येक फाइलचा हॅश असतो. सोर्स लिंक असेल तर नेमक्या कोणत्या कमिटवरून बिल्ड झाला त्याचा पत्ताही त्यात असतो आणि डीबगर ती फाइल स्वतः उतरवून घेतो. सोर्स लिंक नसेल तर त्या रिलीजचा टॅग चेकआउट करून फाइल हाताने दाखवा. तरी 'सोर्स वेगळा आहे' अशी तक्रार आली तर ओळीच्या शेवटच्या खुणा तपासा, गिट विंडोजवर चेकआउट करताना त्या बदलू शकतो आणि एवढ्यानेही हॅश बदलतो.

अडलात तर अंदाज करत बसू नका. डीबग चालू असताना मोड्यूल्स विंडो उघडा, त्या डीएलएलवर राइट क्लिक करून सिम्बॉल लोडची माहिती बघा, कुठे कुठे शोधलं आणि प्रत्येक ठिकाणी काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. ही विंडो लोक उघडतच नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अर्धा दिवस वाचवायची ताकद तिच्यात आहे.

सिम्बॉल लोड झाले तरी व्हेरिएबल 'ऑप्टिमाइझ होऊन गेलंय' असं दिसेल आणि स्टेप करताना कर्सर उड्या मारेल, कारण ती रिलीज बिल्ड, म्हणजे वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेली, आहे. त्यासाठी मोड्यूल लोड होताना जिट (चालवताना मशीन कोड बनवणारा कंपायलर) ऑप्टिमायझेशन दाबून ठेवायचा ऑप्शन आहे, पण अ‍ॅप डीबगरखालीच सुरू करा, चालू प्रोसेसला नंतर अ‍ॅटॅच केलं तर तोवर जिट होऊन गेलेल्या कोडला तो लागू होत नाही.

आणि कोडमध्ये खरंच बदल करून बघायचाच असेल, तर आधी लायब्ररीच्या रेपोत (सोर्सच्या साठ्यात) एसएनके फाइल, म्हणजे सहीच्या कीची फाइल, आहे का बघा. बरेच ओपन सोर्स प्रकल्प ती मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे कोणालाही त्याच ओळखीची बिल्ड करता यावी. फक्त पब्लिक की असेल तर कंपायलरचा पब्लिक साइन ऑप्शन वापरा, टोकन तेच येतं, खरी सही नसते, आणि डेव्हलपमेंट मशीनवर फुल ट्रस्टमध्ये (सगळ्या परवानग्यांसह) चालणाऱ्या अ‍ॅपला एवढं साधारणपणे पुरतं. असेंब्ली व्हर्जनही मूळचंच ठेवा. ही डीएलएल ग्राहकाकडे मात्र पाठवू नका.

प्रश्न : प्रॉडक्शन सर्व्हरवर पीडीबी ठेवली तर धोका आहे का? आमचे सीनियर नको म्हणतात.

उत्तर : ओपन सोर्स लायब्ररीच्या पीडीबीत लपवण्यासारखं काय असणार, सोर्सच जगासमोर आहे. ठेवली तर स्टॅक ट्रेसमध्ये फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक सहसा येतो, तो फायदा मोठा आहे. तुमच्या स्वतःच्या कोडच्या पीडीबीबद्दल सीनियरांचं ऐकायला हरकत नाही, सर्व्हरवर नसल्या तरी चालतील, पण रिलीज केलेल्या प्रत्येक बिल्डच्या पीडीबी कुठेतरी जपून ठेवाच. उद्या क्रॅश डंप (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची फाइल) आला की तीच बिल्ड पुन्हा करून जुळणारी पीडीबी मिळेल याची खात्री नसते.