शिबिर संपलं, पुढे काय?

*महापालिका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून निवृत्त झालेल्या ताईंना वाचकांनी विचारलेले प्रश्न*

प्रश्न : ताई, नमस्कार. मानखुर्दला आमचं गणेशोत्सव मंडळ आहे. दरवर्षी आम्ही मोफत आरोग्य शिबिर घेतो. एक मोठं खासगी रुग्णालय व्हॅन आणि डॉक्टर पाठवतं, गर्दीही चांगली होते. यंदा लक्षात आलं, की गेल्या वर्षी ज्यांची शुगर वाढलेली निघाली होती तीच माणसं पुन्हा रांगेत आहेत आणि शुगर आणखी वर गेली आहे. मधल्या काळात कुणी कुठेच गेलं नव्हतं. रुग्णालयाला फोन केला तर ‘आमच्याकडे पाठवा, पॅकेज आहे’ असं उत्तर मिळालं. वर्गणीतले चाळीसेक हजार शिल्लक आहेत. आणखी एक शिबिर घ्यावं का? कुणाची मदत घ्यावी?
— मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, आणखी शिबिर अजिबात नको. त्याच माणसांची शुगर पुन्हा मोजून आकडाच कळेल, आणि तो तुम्हाला आधीच माहीत आहे. रविवारी शुगर निघालेल्या बाईला मंगळवारी दवाखान्यात नेणारं आणि महिन्याने ‘गोळ्या आणल्यास का गं?’ असं विचारणारं माणूस तुमच्याकडे नाही. मदत घ्यायची ती यासाठी. व्हॅन देणारे पुष्कळ भेटतात.

ती बाई का गेली नाही, ते आधी बघा. मोठ्या रुग्णालयात ओपीडीचा केसपेपर सकाळीच निघतो. मानखुर्दहून हार्बरने निघायचं, कुर्ल्याला गाडी बदलून शीवला उतरायचं, खिडकीशी उभं राहायचं. मग डॉक्टर, मग रक्त द्यायला दुसरी रांग, आणि रिपोर्टसाठी पुन्हा फेरी. घरकामवालीचे चार घरचे खाडे होतात, नाक्यावरच्या कामगाराची मजुरी बुडते. बरं, दुखत तर काहीच नसतं. आमच्या टेबलाशी अशी माणसं यायची ती पायाची जखम काळी पडल्यावर.

म्हणून पहिल्यांदा तुमच्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात जा. पालिकेच्या त्या हेल्थ पोस्टच्या आरोग्य सेविका (तुमच्याकडे ‘पोलिओवाल्या बाई’ म्हणत असतील) गल्लीबोळातून फिरत असतात. कोण गरोदर आहे, कुणाच्या खोकल्याला महिना झाला, कुणाचा नवरा गोळ्या फेकून देतो, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देत बसू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळाची खोली त्यांना द्या, चालू पंख्यासकट. बीपी मोजायला, दोन शब्द बोलायला त्यांना वस्तीत धड बसायला जागा नसते. मात्र पाणी यायची वेळ टाळा, नाहीतर एक बाई यायची नाही. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मंडळाच्या लेटरहेडवर तसं पत्र द्या आणि पोच घ्या. पोच असलेल्या पत्राचं पालिकेत काहीतरी होतं, तोंडी बोलणं चहाबरोबर संपतं.

मग गल्लीतले डॉक्टर. रात्री ताप चढला की वस्ती त्यांच्याकडेच धावते. २०२० च्या एप्रिलमध्ये धारावीत करोना पसरायला लागला तेव्हा पालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, आणि पीपीई किट घालून ते दाटीवाटीच्या वस्तीत तपासणीला फिरले. अनोळखी पथकापासून माणूस ताप लपवतो, रोजच्या डॉक्टरपासून सहसा लपवत नाही. तुमच्या डॉक्टरांना वाटेल, मंडळ आपले पेशंट पळवतंय. त्यांना सरळ सांगा : पेशंट तुमचाच, फक्त ज्याला महिन्याच्या गोळ्या विकत परवडत नाहीत त्याला चिठ्ठी देऊन पालिकेच्या ‘आपला दवाखाना’त पाठवा. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत हे दवाखाने सुरू झाले. तपासणी आणि औषधं मोफत, शिवाय संध्याकाळीही उघडे, म्हणजे खाडा नाही. तुमच्या जवळच्या दवाखान्याची वेळ स्वतः जाऊन बघा आणि मंडळाच्या फळ्यावर लिहा.

आता पैसे. ते मांडवात आणि बॅनरवर घालवू नका. वस्तीतल्या बचत गटाच्या दोन बायकांना दरमहा मानधन द्या, दवाखान्यात सोबत जाण्याचं. रिक्षाचे पैसे वेगळे. शिबिरात काही निघालं की त्या माणसाच्या हातात जाड कागदाचं कार्ड पडलं पाहिजे : नाव, ‘बीपी १६८/१०२’, कुठे जायचं, कोणत्या वारी, आणि सोबत येणाऱ्या बाईचा नंबर. हीच नोंद एका वहीत ठेवायची, आणि वही त्या बाईच्या कपाटात. मंडळात कॅरम खेळणाऱ्या पोरांना कुणाचा आजार कळायचं कारण नाही. मे महिन्यात आणि गणपतीला माणसं गावी जातात आणि तिथे गोळ्यांत खंड पडतो. निघायच्या आधी पुरेशा गोळ्या मागून घ्यायला लावणं हेही त्या दोघींचंच काम.

टीबीचे रुग्ण असतील तर मंडळाला ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करता येते. रुग्णाच्या संमतीने त्याच्या घरी दरमहा शिधा पोचवायचा. रुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे खातं नसलेल्याचे अडकतात. खातं काढून द्यायलाही सोबत लागते. आणि शिधा देताना फोटो नको. कितीही मोठे साहेब आले तरी नको.

राहिलं ते खासगी रुग्णालय. त्यांच्याकडून लेखी घ्या, की तपासलेल्या माणसांची यादी, त्यांच्या परवानगीने, आठवड्यात आरोग्य केंद्राला देऊ. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी व्हॅनला गल्लीत जागा नाही.

प्रश्न : पार्ल्यात आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. अनेक वर्षं आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला बायपास सांगितली आहे. संघातर्फे वर्गणी काढावी का?
— एक आजी

उत्तर : आजी, वर्गणी काढा, पण शस्त्रक्रियेसाठी नको. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार रोख न भरता मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा.

तिथे जमलं नाही तर धर्मादाय रुग्णालय. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. ‘खाट शिल्लक नाही’ असं काउंटरवरून ऐकून परत फिरू नका. रुग्णालयाच्या समाजसेविकेला भेटा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की कधीकधी खाट सापडते. तरीही नाही म्हणाले तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा.

तुमच्या संघाकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. बँकेतून निवृत्त झालेला एखादा सभासद बाईंबरोबर पाठवा, फॉर्म भरायला आणि काउंटरवर इंग्रजीत दोन वाक्यं बोलायला. पोळ्यांच्या वेळा सोडून बाईंनी किती ठिकाणी उभं राहायचं? वर्गणी ठेवा ती नवरा घरी बसेल त्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्याला, रुग्णालयात सोबत राहणाऱ्याच्या जेवणाला, फेरतपासणीच्या टॅक्सीला. हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. तहसीलदार कार्यालयातून तो यायला वेळ लागतो, आणि हे सगळं दाखल होण्याआधी करायचं आहे. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन समाजसेविकेकडे गेलात, तर तिच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.