अकरा मते पडूनही ठराव बारगळला कसा?

प्रश्न : युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ पैकी ११ मते मिळाली, तरी तो फेटाळला गेला. असे का?

उत्तर : ठरावाला ९ मते लागतात, पण पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधात हात वर केला की संपले; हाच नकाराधिकार (व्हेटो). २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने तेच केले. भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. तटस्थ राहणे म्हणजे नकाराधिकार नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. दोनच दिवसांनी परिषदेने विषय सर्व सदस्य देशांच्या आमसभेकडे पाठवला. असे पाठवणे ही कार्यपद्धतीची बाब, तिच्यावरील मतदानात नकाराधिकार चालत नाही. आमसभेत १४१ देश ठरावाच्या बाजूने उभे राहिले. मात्र तो ठराव बंधनकारक नाही, आणि हीच खरी दुखरी नस आहे.