लॅबिरिंथ: भुलभुलैया, चक्रव्यूह की आणखी काही?

प्रश्न असा आहे: एका शिबिराचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. त्यात 'लॅबिरिंथ वॉक', म्हणजे जमिनीवर आखलेल्या वळणावळणाच्या वाटेने चालणं, आणि त्यातून मिळणारे आयुष्याचे धडे असा मजकूर आहे. याला 'भुलभुलैयातली सफर' म्हणावं की 'चक्रव्यूहातून चालणं'? आणि शब्द तसाच ठेवला तर तो लॅबिरिंथ की ते लॅबिरिंथ?

भुलभुलैया आधी बाद करू. लखनौच्या बड्या इमामबाड्यातला भुलभुलैया बघा. नवाब असफउद्दौलाने १७८४ साली बांधायला घेतलेल्या या इमारतीत मोठ्या दालनाच्या वरच्या अंगाला अरुंद बोळांचं जाळं आहे. थोडं चाललं की पुन्हा फाटा, काही बोळ पुढे बंद. म्हणून लोक वाटाड्या घेतात. भुलायला लावणं हेच त्या जागेचं काम, आणि ते नावातच आहे. आपल्याकडे रानात रात्री चकवा लागतो म्हणतात, तीच जात.

शिबिरातल्या लॅबिरिंथमध्ये मात्र चुकायची सोयच नाही. वाट एकच. ना फाटा, ना बंद बोळ. वळणं भरपूर, पण चालत राहिलात की मध्याला पोचणारच, आणि त्याच वाटेने बाहेर येणार. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा असा एक लॅबिरिंथ फरशीतच बसवलेला आहे. अकरा वेढे, आणि जेमतेम तेरा मीटर रुंदीत अडीचशे मीटरहून लांब वाट. एरवी बराच काळ त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉरेन आर्ट्रेस या धर्मोपदेशक बाईंनी त्याची प्रतिकृती सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलात आणली. हल्ली रुग्णालयांच्या बागांत आणि शिबिरांत जे लॅबिरिंथ चालतात, ती लाट प्रामुख्याने तिथून पसरली. तुमचं माहितीपत्रकही त्याच घराण्यातलं दिसतं.

एकाच वाटेत शिकण्यासारखं काय असणार, असं वाटत असेल तर कागद घ्या. सात वेढ्यांचा, शार्त्रहून कितीतरी जुना नमुना काढू. मध्ये अधिकचं चिन्ह. त्याच्या चारही कप्प्यांत एकेक काटकोन, कोपरा मध्याकडे केलेला. काटकोनांच्या उघड्या बाजूला चार ठिपके, तेही पुढे टोकंच धरायचे. आता अधिकच्या वरच्या टोकापासून कमान काढून उजवीकडच्या लगतच्या टोकाला जोडा. मग डावीकडचं लगतचं टोक उजवीकडच्या त्यापुढच्या टोकाला, पहिल्या कमानीच्या डोक्यावरून. असं करत आठ कमानी झाल्या की सात वेढे तयार. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे एकदा दाखवलं की पुरे.

आता वाटेवरून बोट फिरवा आणि वेढे बाहेरून आत मोजा. वाट शिरते ती तिसऱ्या वेढ्यात. तिथून दुसऱ्यात, मग पहिल्यात. म्हणजे आत निघालेला माणूस आधी पार कडेला. मग चौथा, आणि चौथ्यातून एकदम सातवा. इथे मध्य एका रेघेपलीकडे असतो, पाय लांबवला तर पोचाल. पण वाट पुन्हा सहाव्यात नेते, पाचव्यात नेते, आणि आता लांब राहिलो असं वाटत असतानाच पाचव्यातून सरळ मध्यात सोडते. माहितीपत्रकातले बहुतेक धडे या क्रमातूनच आलेले असणार: जवळ दिसतं ते जवळ नसतं, मागे चाललोय असं वाटतं तेव्हाही पुढेच चाललेलो असतो, वगैरे. हे 'वगैरे' जरा खवचटपणे लिहिलं आहे, पण धडे खोटे नाहीत. फक्त 'भुलभुलैया' म्हटलंत की ते सगळे पडतात, कारण वाट निवडावी लागणार नाही हा त्यांचा पायाच जातो.

चक्रव्यूहाची गोष्ट वेगळी. आकाराच्या दृष्टीने तो तंतोतंत बसतो. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकात, शिल्पकारांनी महाभारतातला व्यूह असाच वेढ्यावेढ्यांचा कोरला आहे. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगळीमळच्या जांभ्यावर त्याहून पुरातन वेढे कोरलेले आहेत. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळरानावरच्या दगडी रचनेला पंधरा वेढे आहेत. तेव्हा आकृतीबद्दल लिहायचं असेल तर 'चक्रव्यूह' खुशाल वापरा.

अडचण आहे ती बोलीतल्या चक्रव्यूहाची. मराठीत माणूस कर्जाच्या चक्रव्यूहात अडकतो, कोर्टकचेरीच्या चक्रव्यूहात सापडतो. चक्रव्यूह भेदायचा असतो, त्यात कोणी निवांत चालत नाही. द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतःच सांगतो की शिरायची युक्ती वडिलांनी शिकवली, पण संकटात बाहेर पडणं जमणार नाही. 'या, चक्रव्यूहातून चालू या' असं आमंत्रण वाचून मी तरी घरीच राहीन.

(ग्रीकांचाही इथे घोळ आहेच. क्रीट बेटावरच्या क्नॉसस नगराच्या जुन्या नाण्यांवर हाच एका वाटेचा सात वेढ्यांचा नमुना दिसतो, आणि कथेत मात्र लॅबिरिंथमध्ये शिरलेल्या नायकाला, थीसियसला, परत यायला राजकन्या आरिआड्नीने दिलेला दोरा लागतो. एकच वाट असेल तर दोरा कशाला?)

कोणी 'प्रदक्षिणा' सुचवेल. चालण्यातला भाव जुळतो, पण प्रदक्षिणेत आपण गाभाऱ्याला बाहेरून वळसा घालतो, इथे वाट गाभ्यातच नेते. 'रिंगण' म्हटलं की वारीतला अश्व धावतो, तेही नको.

माझं मत: शीर्षकात 'लॅबिरिंथ' तसाच ठेवा. पहिल्याच वाक्यात 'चक्रव्यूहाच्या आकाराची, एकच वाट असलेली वेढ्यांची रचना' असा खुलासा करा, आणि पुढे मजकुरात 'वेढ्यांची वाट' वापरा. 'वेढ्यांच्या वाटेने चालताना' हे मोठ्याने वाचलं तरी अडखळत नाही. 'हरवून जा' असं एखादं वाक्य मुळात असेल तर तेवढं बदला, 'रमून जा' चालेल.

राहता राहिलं लिंग. व्यूह पुल्लिंगी, भुलभुलैयाही पुल्लिंगी, म्हणून मी 'तो लॅबिरिंथ' लिहितो. अनेकवचनातही 'ते लॅबिरिंथ', शब्द बदलत नाही. सामान्यरूप 'लॅबिरिंथमध्ये', 'लॅबिरिंथचा'. 'लॅबिरिंथात' व्याकरणात बसेल, पण शेवटच्या 'थात'वर जीभ अडते.