वारीचे फोटो: पहिल्यांदा निघणाऱ्या माउलींसाठी

माउली, पैठणहून नाथांच्या पालखीसोबत निघा नाहीतर परभणी-परळीकडून गजानन महाराजांच्या, फोटो काढण्याआधी ते घरी कसे पोचवायचे ते ठरवा. नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो दाबून लहान होतो, शिवाय त्यातली तारीख-ठिकाणाची माहितीही गळते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

मुक्कामाला पोचलात की पहिला फोटो गावाच्या पाटीचा. पुढे शेकडो फोटो चाळताना कुठला दिवस कुठे संपला ते त्यावरून लागतं. सोबत अर्ध्या मिनिटाचं बोलून ठेवा: कुणाच्या वाड्यात उतरलो, पंगतीला काय होतं. चार ओळी लिहायचा कंटाळा येतो, बोलायचा येत नाही.

दुपारच्या उन्हात टोपी-धोतराच्या पांढऱ्यामुळे फोन फोटो गडद करतो आणि चेहरे काळे पडतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवून मग टिपा. टोपी थोडी पांढरीफटक झाली तर होऊ द्या. रिंगणात अश्व धावताना बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो) लावा, पण दोरीच्या आत पाऊल नको. लेन्सवर बुक्का बसला तर आधी फुंकर, मग सुती कापड. तसंच घासलं तर ओरखडे पडतात.

१०,००० एमएएचची पॉवर बँक, झिपची पिशवी, चालताना फ्लाइट मोड. एवढं बस्स.

बाया आंघोळीला असतात तिकडे कॅमेरा वळवायचाच नाही. म्हाताऱ्या वारकऱ्याचा फोटो घेतलात तर पत्ता लिहून घ्या, ४×६ ची प्रत टपालाने पाठवा. त्यांच्याकडे बहुधा स्मार्टफोन नसतो.